कॅन्सरची ट्रीटमेंट आणि वेटिंग: परत परत येणारे प्रश्न

अण्णांना (माझे वडील) तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा मी एका वहीत रोजच्या तारखा लिहायचे, कुठे गेलो, कोण काय बोललं, पुढची तारीख कधीची. ती वही नात्यात दोघातिघांनी मागितली, मग त्यांच्या ओळखीच्यांनी, आणि आता आठवड्यातून दोनतीन मेसेज येतातच. बहुतेक प्रश्न तेच असतात म्हणून एकदा सगळं इथे लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं, डोस किती हे मला विचारू नका. लाइनीत उभं राहण्याचा अनुभव मात्र भरपूर आहे.

१. कॅन्सर निघालाय आणि तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. तोपर्यंत पसरणार तर नाही ना?

हा प्रश्न रात्री अकरानंतरच येतो, हमखास. बहुतेक गाठीच्या कॅन्सरमध्ये गाठ हाताला लागायच्या आधी ती आत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत असते, त्यामुळे तपासण्या आणि प्लॅनिंगमध्ये दोनतीन आठवडे गेले म्हणून सगळं हातातून गेलं असं होत नाही. पण म्हणून उशीर चालतो असंही नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कॅन्सरचे जुने अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. आता याचा अर्थ शंभरातले आणखी आठ जण जातात असा नाही, जो काही धोका आधी होता त्याच्या ६-८ टक्के वर. म्हणजे घाबरून रात्र जागवण्याइतकं नाही, पण 'सणवार होऊ दे मग बघू' म्हणण्याइतकं कमीही नाही.

डॉक्टरांना सरळ विचारा: "माझ्या केसमध्ये किती दिवस थांबलेलं चालेल?" उत्तर केसप्रमाणे बदलतं (प्रश्न २ बघा).

२. कुठल्या कॅन्सरला थांबता येतं आणि कुठल्याला अजिबात नाही?

ब्लड कॅन्सरचे काही प्रकार म्हणजे खरी इमर्जन्सी. एपीएल नावाचा एक प्रकार आहे त्यात रक्तस्राव होऊन पेशंट काही दिवसांत जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी कन्फर्म रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी गोळ्या सुरू करतात, आणि तेच वेळेवर सुरू झालं तर हा सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या प्रकारांपैकी आहे. बर्किट लिम्फोमा, फुफ्फुसाचा स्मॉल सेल, हेसुद्धा भराभर वाढणारे. असं काही असेल आणि कोणी पुढच्या महिन्याची तारीख देत असेल तर तिथेच हात जोडून उभे राहा, आजच्या आज दुसरीकडे रेफर करा म्हणा.

दुसऱ्या टोकाला थायरॉइडचा पॅपिलरी प्रकार, प्रोस्टेटचा लो-रिस्क प्रकार. प्रोस्टेटमध्ये तर कित्येकदा ऑपरेशन न करता नुसतं पीएसए (रक्ताची एक टेस्ट) आणि तपासण्यांवर लक्ष ठेवतात, तो हलगर्जीपणा नसतो, तीच ट्रीटमेंट असते. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, आतडं हे सगळे मधल्या पट्ट्यातले. त्यातल्या त्यात तोंडाचा कॅन्सर जरा पळणारा, महिन्याभरात जखम डोळ्यांदेखत वाढते हे मी बघितलंय.

३. एवढा वेळ नेमका जातो तरी कुठे?

वही काढून सांगते. अण्णांच्या गालात पांढरट चट्टा आणि जखम दिसली त्या दिवसापासून ट्रीटमेंट सुरू होईपर्यंत ७१ दिवस गेले. गावातल्या डॉक्टरकडे जेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या, २४ दिवस. मग दाताच्या डॉक्टरकडे, दात घासून काढू म्हणाले, ६ दिवस. बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) आणि तिचा रिपोर्ट, मध्ये दिवाळीची सुट्टी, ११ दिवस. रिपोर्ट हातात आल्यावर घरात बैठका, काका म्हणाले मुंबई नको, आत्या म्हणाली आधी अमुक महाराजांना दाखवू, १२ दिवस. आणि ज्या मोठ्या हॉस्पिटलच्या वेटिंगला आम्ही सगळे शिव्या घालत होतो तिथले दिवस १८.

म्हणजे लाइन मोठी होती हे खरं, पण ७१ पैकी ५३ दिवस लाइनीत लागायच्या आधीच गेले, आणि त्यातले १२ तर आमच्याच घरात गेले. लोकांना पटत नाही, पण मेसेज करणाऱ्याला मी तारखा लिहून काढायला लावते तेव्हा दहातल्या आठ जणांचा हिशोब असाच निघतो. तोंडातली जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाही की जेल बंद करा आणि बायोप्सी करा, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

दुसरा वेळ जातो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना. रिपोर्ट तयार असतो पण तो डॉक्टरांना दाखवायची तारीख पुढच्या गुरुवारची, त्यांनी स्कॅन लिहिला, स्कॅनची तारीख त्यापुढची, मग परत दाखवायला त्यापुढचा गुरुवार. म्हणून प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या, पुढे काय, कोणाकडे, कितव्या तारखेला. आणि दोन कामं एकाच वेळी होऊ शकतात का ते विचारायचं. स्कॅनची वाट बघताना दातांचं चेकअप, टू-डी इको, भूल देणाऱ्यांचं फिटनेस हे होऊन जातं. कोणी आपणहून सांगत नाही, विचारलं की लगेच लिहून देतात.

४. बायोप्सीचा रिपोर्ट दहा दिवस झाले तरी आला नाही. मुद्दाम लांबवतात का?

मुद्दाम नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये भिजवून, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, मग पातळ काप काढून रंग देऊन स्लाइड, मग पॅथॉलॉजिस्ट बघतात. साधा रिपोर्ट आठवड्याभरात यावा. हाडाचा तुकडा असेल तर आधी तो मऊ करावा लागतो, त्याला जास्त दिवस. आणि पुष्कळदा पहिला रिपोर्ट येतो त्यात शेवटी लिहिलेलं असतं 'आयएचसी ॲडव्हाइज्ड', म्हणजे आणखी टेस्ट लागणार, आणि पेशंटकडची मंडळी तो कागद घेऊन आठ दिवस घरी बसतात कारण त्यांना वाटतं रिपोर्ट आला! शेवटची ओळ वाचा. आयएचसी लिहिलं असेल तर त्याच दिवशी लॅबला फोन करून सुरू करायला सांगा.

५. सुई घातली की पसरतो म्हणतात, म्हणून बायोप्सी टाळली तर?

नाही, त्या भीतीने टाळू नका. बायोप्सीशिवाय किमो-रेडिएशन सहसा कोणी सुरू करत नाही, म्हणजे टाळून फक्त उशीर होतो. काही मोजक्या जागी, उदाहरणार्थ वृषणाच्या गाठीत, डॉक्टर स्वतःच सुई घालत नाहीत, तो निर्णय त्यांचा.

६. मोठ्या हॉस्पिटलला पहिल्यांदा जाताना काय न्यायचं म्हणजे हेलपाटा वाचेल?

स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक. नुसता रिपोर्टचा कागद नाही. मोठी कॅन्सर हॉस्पिटलं बाहेरची बायोप्सी आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेतात आणि त्यासाठी ब्लॉक लागतो. लातूरहून, जळगावहून रात्रभर प्रवास करून येतात आणि ब्लॉक गावच्या लॅबमध्येच राहिलेला असतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिला मेसेज आला की मी तेच लिहिते, ब्लॉक घेतला का?

स्कॅनची फिल्म पुरेशी नसते, सीडी घ्या आणि ती उघडते का ते तिथल्या कॉम्प्युटरवर बघूनच निघा. आधी कुठे ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड. आधार, रेशनकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं. जुनं हॉस्पिटल कागद देत नसेल तर लेखी अर्ज द्या, मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे, अर्जात तसं लिहिलं की कागद बरोबर सापडतात.

७. जनरल आणि प्रायव्हेटमध्ये काय फरक, प्रायव्हेट काढलं तर लवकर होईल?

टाटासारख्या ठिकाणी दोन्ही असतात. प्रायव्हेटला ओपीडीतली लाइन छोटी, खर्च बराच जास्त. ट्रीटमेंट काय द्यायची ते ठरवणारी टीम तीच. पहिल्या दिवशी घाबरून प्रायव्हेट काढतात आणि तिसऱ्या किमोला पैसे संपतात, मग कॅटेगरी बदलण्यासाठी सोशल वर्करच्या चकरा. पूर्ण सहाआठ महिन्यांचा खर्च विचारून मगच ठरवा.

८. टाटाचा नंबर लागेपर्यंत थांबू की जवळच सुरू करू?

परळचं टाटा १९४१ चं, नाव एवढं मोठं की बिहार-बंगालपासून लोक येतात, आणि आपल्याकडे तर 'टाटाला नेलं का?' हाच पहिला प्रश्न. पण आता तेवढं एकच नाही. टाटाचंच खारघरला ॲक्ट्रेक नावाचं सेंटर आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीला नर्गिस दत्त, मिरजेला सिद्धिविनायक. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशातल्या कॅन्सर सेंटर्सचं जाळं झालं, आज तीनशेच्या वर सेंटर्स त्यात आहेत आणि कुठल्या स्टेजला काय द्यायचं याच्या गाइडलाइन्स सगळ्यांना एकच.

माझं मत सांगते, कोणाला पटो न पटो. स्टँडर्ड किमो आणि रेडिएशन जवळच्या चांगल्या सेंटरला घ्यावं, कारण रेडिएशनला सहा आठवडे रोज जायचं असतं आणि मुंबईत राहण्या-खाण्यातच माणूस मोडतो. दुर्मीळ प्रकार, लहान मुलांचा कॅन्सर, अवघड ऑपरेशन याला मोठं सेंटर. आणि मधला मार्गही आहे, प्लॅन मोठ्या ठिकाणी लिहून घ्यायचा आणि ट्रीटमेंट जवळ घ्यायची. हे मागितलं की डॉक्टर चिडत नाहीत, उलट त्यांनाही बरं वाटतं.

९. तिकडे ऑपरेशनची तारीख महिन्यानंतरची, आणि आमचे इथले सर्जन म्हणतात परवा काढून टाकू. काय करू?

यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. गाठ काढणं आणि कॅन्सरचं ऑपरेशन करणं या दोन वेगळ्या गोष्टी. कॅन्सरमध्ये गाठीभोवतीचा चांगला भागही ठरावीक अंतरापर्यंत काढावा लागतो, त्याला मार्जिन म्हणतात, शिवाय बगलेतल्या किंवा मानेतल्या गाठी कशा काढायच्या ते आधी ठरवावं लागतं, आणि कित्येकदा तर आधी किमो देऊन गाठ छोटी करून मग ऑपरेशन असतं. परवा घाईने काढलं आणि कडेला कॅन्सर राहिला, की नंतर मोठ्या हॉस्पिटलला तेच पेशंट, आता अर्धवट ऑपरेशन झालेलं, मूळ गाठ किती होती कुठे होती ते कळायला मार्ग नाही, परत स्लाइड परत स्कॅन, परत ऑपरेशन. महिना वाचवायला गेले आणि अडीच महिने घालवले असं आमच्याच ओळखीत झालंय, स्तनाची गाठ 'साधी असेल' म्हणून काढली आणि तुकडा तपासायलासुद्धा पाठवला नाही.

त्यामुळे सर्जन गावातले आहेत म्हणून नाही म्हणू नका, तर विचारा: तुम्ही कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करता का, ऑपरेशन आधी की किमो आधी हे कोणी ठरवलं, किमोच्या आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी केस बघितली का. तिन्हीची उत्तरं नीट आली तर जवळ लवकर करून घेणं चांगलंच आहे. उडवाउडवी झाली तर महिना थांबलेलं बरं.

१०. रेडिएशनला एवढं वेटिंग का? आणि मध्ये दोनचार दिवस चुकले तर चालतं का?

मशीन कमी, पेशंट जास्त, आणि एकेका पेशंटला महिना-दीड महिना रोज. त्यात मशीनवर जायच्या आधी साचा (मास्क) करणं, प्लॅनिंगचा सीटी, मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट कुठे किती डोस जाईल ते आखतात, यात आठवडा-दहा दिवस सहज. तोंडा-घशाच्या पेशंटचे खराब दात आधी काढतात आणि जखम भरायला दोन आठवडे थांबतात, म्हणून दातांचं काम अगदी सुरुवातीलाच उरकायचं (प्रश्न ३ मध्ये म्हटलं तसं).

काही घड्याळं लक्षात ठेवा. तोंडाच्या ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. म्हणजे टाके काढल्यावर नाही, ऑपरेशनच्या दिवशीच रेडिएशनच्या विभागात नाव घालायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून आणि आतून दोन्ही रेडिएशन धरून सगळं आठ आठवड्यांत संपावं. आतड्याच्या ऑपरेशननंतरची किमो आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी.

आणि सुरू झाल्यावर खाडे नाही. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये मध्ये पडलेला प्रत्येक दिवस आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एकेक टक्का कमी करतो असं रेडिएशनचे डॉक्टर धरून चालतात. चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, पेशंट म्हणतो मला घरी न्या. तेव्हा घरी न नेता नाकातून नळी घाला पण मशीन चुकवू नका. मशीनच बंद पडलं तर भरपाई कशी करणार ते विचारा, कधी शनिवारी घेतात, कधी एका दिवसात दोनदा.

११. महात्मा फुले योजनेत बसतं पण मंजुरीच येत नाही. किती थांबायचं?

पाच लाखांपर्यंत दर वर्षी दर कुटुंबाला, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे, पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तिथे आरोग्यमित्र बसतात, प्री-ऑथ (ट्रीटमेंटआधीच्या मंजुरीचा अर्ज) ते टाकतात. अडकतं बहुतेक क्वेरीमुळे, म्हणजे कागदांत काढलेल्या त्रुटीमुळे. रेशनकार्डवर 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी', बायोप्सीचा कागद नीट अपलोड नाही, फोटो नाही. 'मंजुरी आली का?' असं विचारलं तर 'नाही' एवढंच उत्तर मिळतं. 'क्वेरी पडलीय का आणि काय पडलीय?' असं विचारा. हेल्पलाइन १५५३८८, आयुष्मानची १४५५५. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कोणी असेल तर त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. रेशनकार्डवरचं नाव दुरुस्त करायला रिपोर्ट यायची वाट बघू नका, संशय आला त्या दिवशीच घरातला एक जण तहसीलला पाठवा.

१२. योजनेत न बसणारं पण ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर?

महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवावे लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनला वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलला ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. काउंटरवर विचारलं तर 'बेड फुल' ऐकू येतं, म्हणून तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या.

१३. वेटिंगच्या काळात काय करावं? काढा, अर्क वगैरे सुरू करू का?

तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी, सगळं आजपासून बंद. जखमा भरायला आणि भूल उतरायलाही फरक पडतो. शुगर आणि बीपी कंट्रोलमध्ये आणा, कारण ऐन तारखेला शुगर तीनशे निघाली तर तारीख जाते, आमच्या शेजारच्या बेडवाल्या मावशींचं दोनदा तसं गेलं. वजन टिकवा, अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याचा कूट, जे जाईल ते. रोज चाला.

काढ्याबद्दल भांडण नको, पण लिव्हर-किडनीवर ताण येणारं काहीतरी पोटात गेलं आणि रक्ताचे रिपोर्ट बिघडले की किमो पुढे ढकलतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तरुण पेशंट असेल, पुढे मूल हवं असेल, तर वीर्य किंवा बीजांड जपून ठेवायचं किमोच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही.

१४. तारीख लांब आहे पण त्रास वाढलाय. तारखेची वाट बघू?

नाही, सरळ कॅज्युअल्टीला. पायातली ताकद अचानक जाणं किंवा लघवी-संडास कळेनासं होणं (मणक्यावर दाब आलेला असू शकतो, तासांचा खेळ असतो), चेहरा आणि मान सुजून दम लागणं, न थांबणारं रक्त, श्वास अडकणं. किमो सुरू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन घरी ठेवू नका.

आणि दुखण्यासाठी तारखेची गरज नाही. पॅलिएटिव्ह केअरची (दुखणं आणि त्रास कमी करणारी) ओपीडी फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज आहे, मॉर्फिनच्या गोळ्या तिथे नीट मोजून देतात, अण्णा तीन आठवड्यांनी पहिल्यांदा सलग झोपले ते तिथे गेल्यावर.

१५. मुंबईत राहायचं कुठे? प्रवासाला सवलत असते का?

परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड. सगळीकडे हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि तिथेही वेटिंग असतं, म्हणून पहिल्याच दिवशी सोशल वर्करकडून पत्र घ्या. फूटपाथवर राहणारी कुटुंबं दिसतील, त्यातल्या बऱ्याच जणांना हे पत्र असतं हेच माहीत नसतं.

रेल्वेत ट्रीटमेंटसाठी जाताना पेशंटला स्लीपर आणि थ्री एसी फुकट, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. मुंबई लोकलमध्ये कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, कागद जवळ ठेवा, डब्यात लोक विचारतात.

१६. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, त्यानंतर सुरू केलं तर?

डॉक्टरांना तारीख सांगा, किमोच्या सायकल कधी कधी दोनचार दिवस मागेपुढे करून बसवता येतात. पण सुरुवातच महिनाभर लांबवू नका (प्रश्न १). रेडिएशनला ही सूट नाही (प्रश्न १०). लग्न पुढे ढकललेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत, पाहुणे चार दिवस बोलले आणि विसरले.

१७. वशिला लावला तर तारीख लवकर मिळते का?

खरं सांगू, आमदाराचं पत्र आम्हीही नेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी ते फाइलला टाचणीने लावलं आणि तारीख तीच दिली. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोणाला ताप येतो, कोणाची शुगर वाढते, कोणी येतच नाही, असे स्लॉट रोज सुटतात, आणि ते जवळ राहणाऱ्या, सगळे रिपोर्ट तयार असलेल्या, पहिल्या रिंगला फोन उचलणाऱ्या माणसाला मिळतात. म्हणून कोऑर्डिनेटरना सांगून ठेवा की आम्ही अमुक ठिकाणी राहतो, फिटनेस झालंय, कॅन्सल झालं तर बोलवा, आणि दर दोन दिवसांनी सकाळी एकदा नम्रपणे आठवण करा. अण्णांना २९ तारीख मिळाली होती. २२ ला सकाळी सव्वासातला फोन आला, 'काही खाल्लंय का त्यांनी?' नव्हतं खाल्लं, चहा गॅसवरच होता.